तिसरा सिलिंडर

आबिड्सच्या सिग्नलला दिवा पुन्हा लागला. नुसता लागला असता तर मी एकवेळ डोळेझाक केली असती, पण हा लुकलुकत होता. काट्यांच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, इंजिनाचं ते पिवळं चित्र. लागतंय, विझतंय, लागतंय. जोडीला गाडीचं अख्खं अंग थरथरत होतं, स्टिअरिंगवरचे माझे हात मनगटापर्यंत हलत होते. मागचा ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, सिग्नल कधीचा हिरवा झालेला. मी पाय दाबला तर गाडी आधी अडखळली, मग उचकी लागल्यासारखी पुढे गेली, आणि मी मोठ्याने म्हणालो, "नाही. शक्यच नाही." गाडीत मी एकटाच होतो. वय एकसष्ट, हैदराबादच्या कोर्टात पस्तीस वर्षं फौजदारी वकिली, उदगीरकर वकील म्हटलं की चार लोक उठून उभे राहतात, आणि मी भरदुपारी रस्त्यात एका दिव्याशी वाद घालत होतो.

शक्य का नाही, तर टाकीतलं पेट्रोल मी पाच दिवसांपूर्वी काढून टाकलं होतं. सगळी टाकी रिकामी करवून दुसऱ्या पंपावरचं भरलं. आणि त्याच्या तीन दिवस आधी दत्तोबाला काढून टाकलं होतं. दत्तोबा म्हणजे आमचा ड्रायव्हर, मूळचा भालकीकडचा, एकोणीस वर्षं आमच्याकडे. टाकीतलं पेट्रोल काढून विकतो आणि वर रॉकेल ओततो, असा माझा त्याच्यावर आरोप. आरोप कसला, निकालच. नवं पेट्रोल भरलं आणि दिवा विझला, तेव्हा मी निर्मलाला खाली पार्किंगमध्ये नेऊन तो विझलेला दिवा दाखवला होता. बायकोला न लागलेला दिवा दाखवणारा माणूस मी! "बघ, आहे का काही?" ती म्हणाली, "एकदा मेकॅनिकला दाखवायला काय हरकत होती?" मी म्हणालो, आता कशाला. आता चोर गेला होता, रॉकेल गेलं होतं, आणि दिवा मात्र परत आला होता. ह्याचा अर्थ काय होतो ते मला सिग्नल ओलांडायच्या आतच कळलं. पेट्रोल ठीक असेल तर दत्तोबाने काही केलेलं नाही. इतकं सोपं. ते मनात शिरू नये म्हणून मी रेडिओ मोठा केला.

गौलीगुड्याला मोईनभाईचं गॅरेज आहे. गाडी तिकडे वळवण्याशिवाय इलाज नव्हता, कारण तिला त्याच्या पुढे जायचा दम नव्हता. ह्या गॅरेजात मी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. गाडी नेहमी दत्तोबाच आणायचा. निर्मला मेकॅनिकचं म्हणाली तेव्हा मी मोईनचंच नाव घेऊन हसलो होतो, ते दोघे एकमेकांचे, तो काय सांगणार? खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तेव्हाही वाटत होती. आठ दिवस रोज सकाळी चहा पिताना दत्तोबा आठवला की मी वर्तमानपत्र उलटायचो. आता बसस्टँडच्या मागच्या गल्लीतून, दोन्ही बाजूंनी टांगलेल्या जुन्या टायरांमधून गाडी हळूहळू आत नेताना मला एकच इच्छा होती, पेट्रोल खराब निघू दे. दुसऱ्या पंपाचंही खराब निघू दे. सगळ्या शहराचं पेट्रोल नासलेलं असू दे.

मोईनभाई पन्नाशीचा, दाढी मेंदीने लाल, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने मला ओळखलं नाही, गाडीला ओळखलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा ताठर झाला. "आओ वकीलसाब. बैठो." तेलकट स्टुलावर त्याने एक पेपर टाकला. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "पेट्रोल का प्रॉब्लेम है. मिलावट." तो म्हणाला, "देखते ना साब. बोनेट खोलो." त्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत एक डबीएवढं यंत्र खुपसलं, चष्मा नाकावर चढवला आणि वाचून दाखवलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय. चारांपैकी एकच, तिसरा. बाकीचे तीन व्यवस्थित. मी लगेच म्हणालो की पेट्रोलमुळेच चुकत असेल. साक्षीदार घसरायला लागला की त्याला धरून उभं कसं करायचं, हे मला चांगलं जमतं. मोईनभाईने यंत्र बाजूला ठेवलं. "साब, पेट्रोल चारों में जाता. खराब रहा तो चारों रोते. ये अकेला तीसरा इच कायकू रोरा?"

बाप रे, काय प्रश्न होता! माझ्या ज्युनियरांपैकी कुणी उलटतपासणीत असा प्रश्न विचारला असता तर मी खूश झालो असतो. मी हट्टाने म्हणालो, तरी तपासा. त्याने एका काचेच्या बाटलीत पेट्रोल काढलं आणि उजेडात धरलं. ते स्वच्छ होतं, तळाला काही नाही, वास नेहमीचा. ते नवंच होतं, त्यामुळे त्याने जुन्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे मी त्याला सांगणार होतो. तेवढ्यात तो स्वतःच म्हणाला, "पुराना भी ऐसा इच था. दत्तोबा लाके दिखाया था." मी विचारलं, कधी? "जब आप उसपे शक करे, उसके दूसरे दिन. बोतल में लाया. बोला, मोईनभाई देखो, इसमें घासलेट है क्या. मैं देखा, नई था. उसकू बोला, जाके साब कू बोल. बोला, साब सुनते नई." मोईनभाई हे सगळं खाली मान घालून, पाना शोधता शोधता बोलत होता. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं, मी तिला उत्तर दिलं असतं.

मला ती सकाळ आठवली. दत्तोबा दारात उभा, हातात बाटली, पिशवीत गुंडाळलेली. मी म्हणालो होतो, ही बाटली कुठली, कशावरून आपल्याच टाकीतली? पंचनामा झाला होता का? मी विनोद केला होता. निर्मला आतून बघत होती म्हणून जरा जास्तच रंगवून केला होता. दत्तोबाने बाटली परत पिशवीत ठेवली. त्याला पंचनामा म्हणजे काय ते ठाऊक होतं, मागच्या सीटवर बसून मी खटल्यांबद्दल जे बोलायचो ते तो एकोणीस वर्षं गाडी चालवता चालवता ऐकत आला होता. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा हाच माणूस तिला दोन्ही हातांवर उचलून जिना उतरायचा. आणि मी त्याला पंचनामा विचारला. पण पुरावा होता ना माझ्याकडे, मी स्वतःला म्हणालो. काटा भराभर खाली येत होता. पूर्वी टाकी बारा दिवस जायची, ती आठ दिवसांत संपायला लागली. शिवाय मागच्या बाजूला, डिकीपाशी, पेट्रोलचा वास यायचा. मी स्वतः वाकून हुंगला होता. हे काय मनाचे खेळ होते?

मी ते मोईनभाईला विचारलं. अगदी मुद्दे मांडून विचारलं, काटा आणि वास. त्याने मान वर केली आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. त्याला माझी कीव आली असावी. "साब, तीसरे में आग इच नई लगी तो उसका पेट्रोल कहाँ जाता? वैसा का वैसा पीछे से निकल जाता. बास आती इच. काँटा गिरता इच. ये बीमारी की निशानी है साब, चोरी की नई." गल्लीतून एक हातगाडी गेली, त्यावरच्या लोखंडी सळ्या वाजत गेल्या. माझ्या दोन्ही साक्षी, ज्यांच्यावर मी एका माणसाची एकोणीस वर्षं निकालात काढली, त्या माझ्या डोळ्यांसमोर बचाव पक्षाकडे जाऊन बसल्या होत्या. तरी वकिलाची जात मेली जात नाही. मी म्हणालो, "मग बिघाड आहे तरी कशाचा?"

त्याने इंजिनावरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. खाली चार कॉइल एका ओळीत बसवलेल्या होत्या, ठिणगीसाठी करंट देणाऱ्या. तिसऱ्या कॉइलच्या मानेभोवती काहीतरी चिकटलं होतं. मोईनभाईने नखाने खरवडलं आणि तळहातावर घेऊन मला दाखवलं. पिवळट लाल झालेले तांदळाचे दाणे. कॉइल ओढून काढली तर तिचं रबर फाटलेलं, खालच्या भोकात चिकट, काळपट थर, आणि धातूवर हिरवं चढलेलं. त्याने बोट लावून वास घेतला. "नारियल का पानी है ये. मीठा रहता, सूखा तो भी चिपकता, करंट इधर का उधर. इस वास्ते बत्ती कभी जलती, कभी अपने आप बुझती. किसने डाला साब इसमें?"

मी डाला. मी, साहेब, मी. दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते, वडिलांपासून. वडीलही वकील, त्यांच्या जुन्या गाडीचं बोनेट उघडून ते नारळ थेट इंजिनावर फोडायचे, पाणी सगळीकडे उडायचं आणि गाडी पुढची वीस वर्षं चालली. बोनेटला हळदकुंकू लावून मोकळे होणारे लोक मला आवडत नाहीत. पूजा यंत्राची आहे ना, मग यंत्र दिसलं पाहिजे. म्हणून ह्या वर्षी मी ते काळं झाकण स्वतःच्या हाताने काढलं. अक्षता टाकल्या, कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि अर्धी वाटी पाणी नीट धार धरून ओतलं. निर्मला आरतीचं तबक घेऊन उभी होती. आणि दत्तोबा म्हणाला होता... मी स्टुलावरून उठलो. आठ दिवस मनातल्या मनात मी त्याच्या ह्याच वाक्यापाशी येऊन परत फिरत होतो हे मला तेव्हा कळलं. दत्तोबा म्हणाला होता, "वकीलसाब, इंजिनावर नगा ओतू. बोनेटवर करू की." इतकं स्पष्ट. आणि मी म्हणालो होतो, "तू मला पूजा शिकवतोस?" तिसऱ्या दिवशी दिवा लागला तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "त्ये पाणी गेलं आसंल बगा आत," आणि मी, हा मी, म्हणालो, "वा! म्हणजे देवाचं पाणी गुन्हेगार आणि तू साधू?" हे सगळं मी ऐकलं होतं. विसरलो नव्हतो. मी ते बाजूला सारून ठेवलं होतं, गैरसोयीचा कागद फायलीत मागे सरकवतात तसं. चूक माझ्या हातून, माझ्या पूजेतून, वडिलांच्या रीतीतून झाली हे कबूल करण्यापेक्षा मला एक चोर हवा होता. लाज वाटली. ऐन दुपारी त्या तेलकट गॅरेजात मला माझी इतकी किळस आली की मी भिंतीला हात लावून उभा राहिलो.

मोईनभाई शेल्फवरून दुसरी कॉइल घेऊन आला. भोक पुसता पुसता म्हणाला, "सुबह आया था दत्तोबा. बोला, पंधरा दिन से कोई गाडी नई दे रा उसकू. आपकी कॉलनी में तो नई इच, बाजू की कॉलनी में भी नई." पंधरा नव्हे, आठ दिवस, असं माझ्या तोंडावर आलं होतं, इतका मी कोडगा. बाजूच्या कॉलनीत का नाही, ते मला माहीत होतं. दत्तोबाला काढलं त्याच संध्याकाळी मी कॉलनीच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला होता. खाली चार ओळी, वकिली इंग्रजीत, ह्या ड्रायव्हरला मी स्वतः चोरी करताना पकडलं आहे, कोणीही कामावर ठेवू नये. स्वतः पकडलं! फोटो दसऱ्याचाच होता, कपाळाला कुंकू लावून तो गाडीशेजारी उभा. तो फोटोला तयार नव्हता, मीच म्हणालो होतो, उभा राहा रे, तूही घरचाच. पन्नासेक लोकांनी खाली शाबासकीच्या अंगठ्याची चित्रं टाकली. मला छान वाटलं होतं, समाजाचं काही काम केल्यासारखं. "आज एक जगह बुलाए उसकू," मोईनभाई म्हणाला. "सिकंदराबाद में, कोई स्कूल है. बच्चों की व्हॅन चलाने का. तीन बजे बुलाए." मी घड्याळ बघितलं. तीनला दहा मिनिटं होती. देवा, मिळू दे त्याला, असं मी मनापासून म्हणालो, आणि ठरवलं की आत्ता, इथेच, ग्रुपवर लिहायचं. माझी चूक होती. नुसतं एवढंच लिहायचं.

फोन हातात घेतला तर प्रियदर्शिनीचा निरोप आलेला. प्रियदर्शिनी माझी ज्युनियर, मराठी घरचीच, बोलते फाडफाड पण मराठी वाचता येत नाही, म्हणून मला नेहमी बोलूनच पाठवते. तिचा आवाज घाबरलेला होता. "सर, मी एक फोटो फॉरवर्ड केलाय, बघा ना. हा आपला दत्तोबा ना? माझ्या वहिनीच्या शाळेच्या ग्रुपवर आलाय. सिकंदराबादच्या सगळ्या पेरेंट्सच्या ग्रुपवर फिरतोय, सर. प्लीज बघा." मी बघितलं. तोच फोटो. गाडी कापून टाकलेली, माझी चार वाक्यं गेलेली, उरला होता नुसता चेहरा आणि कपाळावरचं ते कुंकू. वर मोठ्या लाल अक्षरांत तेलुगूत आणि हिंदीत लिहिलं होतं, मुलं पळवणारी टोळी, हा माणूस शाळेबाहेर दिसला तर सोडू नका. आणि खाली, एका वकिलाने स्वतः पकडलेला आहे. माझ्या मजकुरातलं तेवढंच शिल्लक होतं. मोईनभाईने माझ्या हातातून फोन घेऊन बघितला आणि म्हणाला, "या अल्ला. साब, फोन लगाओ उसकू."

दत्तोबाकडे साधा बटणांचा फोन. त्याला ह्यातलं काही दिसण्याची सोयच नव्हती. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. "वकीलसाब? बोला की." आवाज तसाच, जणू मी खाली गाडी काढायला सांगतोय. मागे मुलांचा गलका, शाळा सुटत होती. मला काय बोलायचं होतं ते माहीत होतं, चूक माझी होती दत्तोबा, आणि आत्ताच्या आत्ता तिथून निघ. मी म्हणालो, "गाडी... गाडी मोईनकडे दाखवली." "व्हय? काय निघालं?" तो खरंच उत्सुक होता. मोईनभाई समोर उभा, माझ्या तोंडाकडे बघत. पस्तीस वर्षांची सवय, समोरून प्रश्न आला की कबुली द्यायची नाही. "पेट्रोलच," मी म्हणालो. "पेट्रोलचंच होतं काहीतरी." मोईनभाईने मान फिरवली. मग दत्तोबा म्हणाला, "बरं. आसंल साब."

"तू तिथून निघ," मी म्हणालो. "घरी जा. लगेच." "आता कसं निघू साब? मोठ्या बाई आत हायत, पोरं गेली की बोलिवते म्हनाल्यात. म्या गेटापाशी हुबा हाय." "मी सांगतो म्हणून निघ!" "कामाचं हाय साब," तो समजुतीने म्हणाला. "तुमच्याकडलं तर सुटलं." त्याला निघायला कारण हवं होतं, आणि खरं सांगितल्याशिवाय कारण नव्हतं. मी म्हणालो, "दत्तोबा, ऐक, तो तुझा फोटो..." तेवढ्यात पलीकडे एक तिसराच आवाज आला, "ए, इधर देख. इधर मुंडी कर." मग दुसरा, "वइच है, माथे का टीका देख, फोटू में भी है." दत्तोबा म्हणाला, "क्या हुआ जी?" आणि मग, अगदी घाईने, पण विश्वासाने, "थांबा साब, ह्यांच्याशी तुमीच बोला. तुमीच सांगा म्या कोन हाय." त्याने फोन त्या माणसाच्या हातात दिला.

"हलो. कौन बोल रे?" मी म्हणालो, "ॲडव्होकेट उदगीरकर." "वकील?" आवाज एकदम जागा झाला. "वो फोटू वाले वकीलसाब आप इच क्या? आप पकडे थे इसकू?" आयुष्यभर मी साक्षीदारांना एकच गोष्ट पढवत आलो, विचारलं त्याचं आधी हो किंवा नाही म्हणा, मग पुढचं काय ते सांगा. गोल गोल बोललात की कोर्टाला वाटतं खोटं बोलताय. आणि मला खरं बोलायचं होतं. ह्या वेळी मला संपूर्ण खरं बोलायचं होतं. "हौ," मी म्हणालो, "मैं इच हूँ, लेकिन..."

लेकिनच्या पुढचं ऐकायला तो थांबला नाही. "हौ बोल रे!" तो लोकांकडे वळून ओरडला. "वकीलसाब खुद बोल रे, हौ बोल रे!" त्यानंतर फोन कुणाच्याच कानाशी नव्हता. मी ओरडत होतो, उसने कुछ नई किया, झूठ लिखा मैंने, झूठ, चूक माझी होती, गल्लीतली माणसं दुकानांतून बाहेर येऊन बघत होती. मोईनभाईने दुसरी कॉइल जागेवर दाबून बोनेट खाली आपटलं, मला दंडाला धरून गाडीत कोंबलं आणि स्वतः चालवायला बसला. फोन चालूच होता. त्यात पावलं होती, खूप पावलं, एक बाई किंचाळून मुलाला हाक मारत होती, कुणीतरी "पकडो" म्हणत होतं, आणि ह्या सगळ्याच्या खालून दत्तोबाचा आवाज येत होता, अजून अदबीचा, फक्त धाप लागलेला.

"वकीलसाब, तुमी काय सांगितलं ह्यांना?"